गळ्यातला नमुना

वेल्ह्याच्या बाजारात मला एक नवरा होता. शिरवळच्या एका कंपनीत कामाला. बाजाराच्या दिवशी मी निघायच्या आधी मला चहा करून द्यायचा. आणि बोलायचा फार. जेवताना, पंख्याखाली बसल्यावर, पायात चपला सरकवताना, काही ना काही सांगतच असायचा.

असा नवरा मला कधीच नव्हता. जो होता तो भोरच्या घरातून एका सकाळी कामावर गेला आणि दुपारी त्याच्या मालकाचा फोन आला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुळात मी मोजकं बोलणारी बाई. पण ज्यांच्याशी मी खोटं बोलले त्यांनीच मला नंतर सांभाळून घेतलं, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं. नाहीतर मी त्यांची आभारी आहे हे त्यांनाही कळायचं नाही. तोंडाने म्हणायला मला जमत नाही.

खरा नवरा वायरमन होता. तो गेल्यावर वर्षभराने आमच्या भोरमध्ये बचत गटाच्या बायकांसाठी दागिन्यांचा वर्ग निघाला. धातूच्या बारीक कड्या आणि मणी, त्यातून माळा, कानातली, पैंजण. येताना लांब तोंडाच्या दोन पकडी आणा म्हणून सांगितलं होतं. बाकीच्या बायकांना त्या विकत घ्याव्या लागल्या. माझ्या घरात त्या त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पडून होत्या.

कडी म्हणजे तारेचा एक वेढा, एका जागी कापलेला. नवशिकी बाई ती दोन्ही बाजूंनी ओढून उघडते. मग तिचा गोल बिघडतो आणि कितीही दाबली तरी तोंडाला तोंड लागत नाही. ओढायची नसते. दाराची झडप लोटावी तसं एक तोंड आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे वळवायचं. मिटतानाही तसंच, जरा पुढे नेऊन मागे आणायचं, की बोटाला बारीकसं टक् लागतं. मग सांध्यावरून पदराचा काठ ओढून बघायचा. धागा अडकला तर फट राहिली.

मला ते टक् आवडलं. मुलगा चाकणला खोली करून राहतो, घरात मी एकटी. सकाळी स्वयंपाक उरकला की खिडकीपाशी बसायचं, ताटलीत मणी ओतायचे आणि एकेक कडी मिटत जायचं. दुपार कधी होते कळायचं नाही. त्याआधी दुपार हा प्रकार मला फार लांब वाटायचा. ज्या मुलीने आम्हाला शिकवलं ती पुण्याहून यायची, माझ्या मुलापेक्षाही लहान होती, आणि माझी पहिली माळ तिने सरळ उसवायला लावली होती. तेव्हा राग आला होता. आज तिचे फार उपकार वाटतात.

भोरमध्ये दागिन्यांची दुकानं काही कमी नाहीत. माझा माल चालला तो वेल्ह्यात. तिकडे सगळी भाताची खाचरं. लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेल्या, पावसाने आणि घामाने गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीचा दोरा कुजतो. माझी पोत तारेची. प्रत्येक काळा मणी तारेच्या टाक्यात, म्हणजे दोन्ही टोकं वळवलेल्या तुकड्यात, आणि टाक्याला टाका कडीने जोडलेला. ती कुजत नाही. एका बाईने नेली, तिने जावेला सांगितलं, जावेने माहेरी सांगितलं. भोरहून एसटीने फाट्यापर्यंत यायचं, तिथून वेल्ह्याची गाडी धरायची, असा माझा दर बाजारचा नेम झाला.

बसायला जागा दिली एका कासारणीने. स्टँडजवळच्या ओट्यावर ती बांगड्या भरायला बसायची, माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी ओट्याच्या कडेला अंग चोरून उभी होते, तर तिने बांगड्यांचे डबे एका हाताने सरकवले आणि म्हणाली, बस की, का पाव्हणी हाईस? एवढंच. भाडं नाही, ओळख नाही.

खोटं सुरू झालं ते मापामुळे. पोत कुठवर येते हे हातात धरून बाईला कळत नाही. गळ्यात पाहिली की लगेच कळतं. म्हणून मी एक पोत नमुना म्हणून स्वतःच्या गळ्यात घातली. नमुना म्हणूनच. एका गिऱ्हाइकाने ती निरखून पाहिली, छान आहे म्हणाली आणि विचारलं, मालक काय करत्यात? माझ्या गळ्यात काळे मणी होते. नाहीत म्हणाले असते तर तिने हातातली पोत खाली ठेवली असती, विधवेच्या हातची पोत कुणी घेत नाही. मी म्हणाले, शिरवळला कंपनीत आहेत.

एकदा सांगितलं की पुढचं विचारतात. पाळी कुठली, जेवायला डबा नेतात का, स्वभावाने कसे. मी सांगत गेले. चहाचं तर मला कुणी विचारलंही नव्हतं, ते मी आपणहून सांगितलं. धंद्यासाठी खोटं बोलले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खरं तसं नाही. मला ते आवडत होतं. भोरला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी माझ्या दारावरून पुढे जायच्या. वाईट कुणी बोलत नव्हतं, फक्त पुढे जायच्या. वेल्ह्यात ओट्यावर बसल्या जागी मला कुंकू लागायचं, वाण मिळायचं. आठवड्यातून एक दिवस मी सवाष्ण होते. फाट्यावर गाडी बदलताना पोत गळ्यात घालायची आणि परतताना फाट्यावरच काढून रुमालात बांधायची. कंडक्टर तोच असला की मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

मग एक बाई आली. गडाच्या पायथ्याच्या वाडीतली, दोन वर्षं माझी तारेची पोत वापरणारी, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी पुण्यात नोकरीला, तिला लांब मंगळसूत्र नको होतं. ऑफिसच्या कपड्यांवर चालेल असं आखूड, तारेचं, बारीक मण्यांचं हवं होतं. वहिनीने सोनाराकडून आणलेल्या दोन वाट्या रुमालाच्या गाठीतून काढून माझ्या हातात ठेवल्या.

ती म्हणाली, "सोनार बी करून देत हुता. पर म्या म्हनलं, न्हाई. ताईंच्या हातनं हुंद्या. भरल्या कपाळाची बाई हाय, नवरा जीव लावतुय. तसलाच गुण यिऊ द्या माझ्या पोरीला."

तेव्हा सांगायला हवं होतं. वाट्या हातात होत्या, कासारीण मावशी शेजारी होती. मी हो म्हणाले.

ते मंगळसूत्र मी भोरला घरी बसून केलं. इतकं वाईट काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मणी चांगले ओवले गेले, पण शेवटची कडी, जिच्यात वाट्यांचा भाग साखळीला जोडायचा, ती मी मिटायची आणि परत उघडायची. मिटली की वाटायचं, झालं, आता हे माझ्या हातचं झालं, आणि हे त्या पोरीच्या गळ्यात जाणार. की परत उघडायची. या गोष्टी मी मानत नव्हते असं मला वाटायचं. माझ्या हाताने कुणाचं काही वाईट होतं, असं मी कुठल्या दुसऱ्या बाईला कधी म्हणू दिलं नसतं. पण स्वतःच्या हाताकडे बघताना तसं वाटत नव्हतं. आणि त्याहून मोठं होतं ते हे, की वहिनीने विश्वासाने जे मागितलं होतं ते माझ्याजवळ नव्हतंच. कडी अशी पुन्हा पुन्हा उघडमीट केली की तिच्यातला ताठपणा निघून जातो. वरून दिसते चांगली, पण मऊ पडलेली असते. भोरच्या त्या वर्गात नव्या बायकांना तोवर मीच शिकवायला लागले होते, आणि हे त्यांना सांगायचे. तरी मी दुसरी कडी घेतली नाही.

बाजाराच्या दिवशी वहिनी आली. मी डबी उघडून दिली. तिने मंगळसूत्र उचललं, कौतुकाने कासारीण मावशीला दाखवलं आणि गावाकडच्या बायका प्रत्येक गोष्ट घेताना जे करतात ते केलं, दोन्ही हातांत धरून जरा ओढून पाहिलं. कडी उघडली. एक वाटी ओट्यावरून घरंगळत बांगड्यांच्या डब्यांमागे गेली आणि वाट्यांलगत नुसते ओवलेले काही मणी सांडले.

आमच्याकडे अशा वेळी काय म्हणायचं ते लहान मुलीलाही माहीत असतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढवते. मंगळसूत्र तुटलं असं चुकूनही म्हणायचं नाही. वहिनी आणि मावशी दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, वाढवलं गं, वाढवलं.

आणि मी म्हणाले, तुटलं.

का म्हणाले, ते मला माहीत आहे. माझ्या गळ्यातली पोत काढली त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं होतं आणि कुणीही वाढवलं म्हणालं नव्हतं. चुलत सासूने दोरा बोटाला गुंडाळून ओढला आणि बाहेर कुणीतरी विचारलं, तोडलं का? आतून उत्तर गेलं, तोडलं. तेव्हापासून माझ्याकरता तो शब्द तोच राहिला होता. वेल्ह्यात इतके दिवस मी सवाष्णीसारखी बसले, हसले, कुंकू लावून घेतलं, सगळं नीट केलं. शब्द तेवढा चुकला.

वहिनीचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता. नुसती भीती. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर, तिच्या मंगळसूत्रावर असा शब्द. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या भीतीपुढे माझं खोटं मला धरून ठेवता येईना.

मी म्हणाले, "वहिनी, तिचं नाही तुटलं. माझं तुटलंय. मला मालक नाहीत. कधीचे नाहीत. ही पोत मी नमुना म्हणून घालते."

 तिने वाकून डब्यांमागची वाटी शोधली, दुसरी साखळीतून सोडवून घेतली, दोन्ही रुमालात बांधल्या. मणी तसेच टाकून ती स्टँडकडे गेली.

मी मणी वेचत बसले. मावशीपुढे तेवढ्यात दोन बायका बांगड्या भरायला बसल्या. ती त्यांच्या हातांवर बांगड्या चढवत राहिली, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बायका गेल्या. डबे लावता लावता तिने विचारलं,

"मग शिरवळला कंपनीत रोज जातंय कोन?"

मी म्हणाले, कुणी नाही.

"आन् च्या कोन करतंय?"

मी म्हणाले, मीच करते मावशी.

ती डब्याचं झाकण लावायची थांबली. मग जे बोलली ते ऐकून मला रडू येत होतं की हसू, मला सांगता येणार नाही. तुझ्या नवऱ्यावरनं म्या आमच्या म्हाताऱ्याला किती टोमणं मारलं ठावं हाय का, म्हणाली. बघा, तिचा मालक कसा च्या करून देतुय, तुमास्नी चूल कुठल्या खोलीत हाय ती बी ठावं न्हाई. रोज ऐकून ऐकून बिचाऱ्याने करायला घेतलाय. साखर जास्त पडते, पण करतो. आणि बोट माझ्याकडे रोखून म्हणाली,

"त्येला सांगू नगंस. न्हाईतर बंद करील."

मग तिने मला खूप झापलं. मी विधवा असण्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. मला सांगितलं का नाही, याबद्दल झापलं. दर बाजारला मांडीला मांडी लावून बसतेस, माझ्या भाकरीतला तुकडा खातेस, आणि पोटात हे ठेवून बसतेस?  घरी मला कुणी असं रागावून किती वर्षं झाली होती, एवढंच मनात येत होतं.

पुढच्या बाजाराला जाऊ नये असंच वाटत होतं. वेल्ह्यासारख्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते. सकाळी पिशवी भरली, परत रिकामी केली, परत भरली. फाट्यावर गाडी बदलली तेव्हा हात सवयीने रुमालाकडे गेला. रुमाल मी घरीच ठेवून आले होते. ओट्यावर पोचले तर माझ्या जागी मावशीने तिचं गाठोडं ठेवलेलं होतं. मी दिसताच तिने ते उचललं. कुणी भाजीवाला बसायला बघत होता, त्याला हाकललं, म्हणाली.

गिऱ्हाईक त्या दिवशी कमी आलं. काही बायका लांबून बघून गेल्या. एकीने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि पोत न घेता पैंजण घेतले. तेही मला पुष्कळ वाटलं. गड बघायला आलेली दोन-चार कॉलेजची पोरं कानातली घेऊन गेली, त्यांना कुणाच्या गळ्यात काय आहे याच्याशी घेणं नव्हतं.

दुपारी वहिनी आली. उभ्या उभ्याच बोलली. तिच्या मुलीचा फोन झाला होता. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की काकूंनीच करायचं, आणि तू तिथंच टाकून आलेले मणी त्यांनी वेचून ठेवले असतील तर तेच वापरायला सांग. यावरून मायलेकींचं चांगलंच वाजलं होतं.

वहिनी म्हणाली, "मला आजून पटलेलं न्हाई. खोटं बोलला त्येचा राग बी हाय. पर म्या इचार केला, तुमी गप बसला असता तर मला काय कळलं असतं? तसंच पोरीच्या गळ्यात पडलं असतं आन् ती नांदली बी असती." मग खाली बसली. "हितं माझ्याम्होरं करा. कडी म्या बगनार."

तिच्या रुमालाची गाठ सुटली. मी ताटली घेतली, मणी ओतले, नवी कडी काढली. इतक्या जवळून कुणी माझ्या बोटांकडे बघत असताना मी कधी काम केलं नव्हतं.  मणी, तार, टाका, कडी. वहिनी मध्ये मध्ये विचारत होती, हे असं का वळवता, ओढत का नाही. मी सांगत होते. शिकवायला लागले की माझी जीभ जरा सुटते.

वाट्या जोडायच्या वेळी तिने विचारलं, "मालक खरंच कसं हुतं?"

वेल्ह्यात इतक्या वेळा नवऱ्याबद्दल बोलले होते, पण खऱ्याबद्दल एकदाही नाही. पकडी खाली न ठेवता मी सांगितलं. तो बोलत नसे. मीही नसे. भांडण झालं की आमच्यात अबोला असायचा, दिवसेंदिवस. शेवटचा अबोला घरातल्या पंख्यावरून होता. गावभर लोकांचे पंखे दुरुस्त करतो आणि घरातला महिनाभर बंद, असं मी त्याच्या भावासमोर बोलले होते. त्या सकाळी तो बूट घालून दारात उभा राहिला. जायला हवं होतं तरी उभा राहिला. मी कणीक मळत होते. त्याला काहीतरी बोलायचं आहे हे मला पाठीला कळत होतं. मी वळले नाही. मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली.

हे मी मुलालाही सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी वळले असते तर काय झालं असतं, हे जो ऐकेल तो मला विचारील. म्हणून सांगितलं नव्हतं.

मावशी बांगड्या पुसायची थांबली होती. 

"त्यास्नी बी त्वांड हुतं की," वहिनी म्हणाली.

एवढंच. समजूत घातल्यासारखं नाही, भाव करताना बोलावं तसं. इतक्या वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तोवर फक्त माझीच पाठ बघत होते. दारात एक धडधाकट माणूस उभा होता, त्यालाही हाक मारता आली असती, हे कुणीतरी बाहेरचं येऊन सांगेपर्यंत मला दिसलं नव्हतं. माझा अपराध त्यामुळे गेला असं नाही. तो निम्मा झाला. निम्मं ओझं उचलता येतं.

कडी मिटली. बोटाला टक् लागलं. वहिनीने मंगळसूत्र हातात घेतलं, पदराचा काठ सांध्यावरून ओढून पाहिला, तेवढ्यात ती ते शिकली होती. मग दोन्ही हातांनी ओढलं. पुन्हा एकदा, जरा जोरात. कडी हलली नाही. तिने ते डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली. लग्नाला या असं म्हणाली नाही, आणि मीही ते धरून बसले नव्हते. जे पटलं नव्हतं ते तिने पटल्यासारखं दाखवलं नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

तिच्या वाडीची गाडी यायला अजून अवकाश होता. स्टँडवर सावलीत बाक रिकामा होता. वहिनीने तिकडे एकदा पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि ओट्यावर माझ्या शेजारीच बसून राहिली.